सरकारचा घोट

लेस्ली ग्रॅटनच्या नव्याकोऱ्या खोलीत पावसाचा पहिला थेंब पडला, तो नेमका सासऱ्यांच्या उशीवर. सासरे अजून यायचे होते, एवढंच काय ते नशीब. हेझल पलंगावर चादर घालत होती. तिने आधी उशीकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि शेवटी नवऱ्याकडे पाहिलं. या क्रमाने पाहणं लेस्लीच्या चांगल्या ओळखीचं होतं, आणि त्याचा शेवट कधी चांगला झालेला त्याला आठवत नव्हता.

"घाम असेल," तो म्हणाला. "नव्या बांधकामाला घाम येतो."

"खिडकी नि छपराच्या मधून?"

"घामाला कुठूनही येता येतं."

दुसरा थेंब पडला. तिसरा जरा मोठा होता. हेझलने उशी उचलली आणि तिच्या जागी ख्रिसमसचं पुडिंग करायचं मोठं भांडं आणून ठेवलं.

"सोमवारी बाबा येतायत," ती म्हणाली. "हॉस्पिटलवाले त्यांना त्यापुढे एक दिवस ठेवणार नाहीत. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला जिना चढायला लावू, की या भांड्याशेजारी निजवू, तेवढं फक्त सांग."

खोली बांधली होती ती विल्फसाठीच. हेझलचे वडील एकटे राहत, आणि त्यांचे गुडघे आता दर पायरीला कुरकुरत. म्हणून वसंतात दोघांनी ठरवलं, की स्वयंपाकघरामागे तळमजल्यावर एक खोली काढायची आणि त्यांना घेऊन यायचं. सप्टेंबरात खोली उभी राहिली. म्हातारा मात्र 'ख्रिसमसनंतर बघू' करत राहिला आणि नोव्हेंबरात स्वतःच्या अंगणात घसरून पडला. हॅकरलो गावात पाऊस एरवी पश्चिमेकडून येतो. त्या दिवशी तो पूर्वेकडून झोडपत होता, आणि खोलीची खिडकीही पूर्वेलाच होती.

आता ही खोली कोणी बांधली, हा प्रश्न लेस्लीला कोणी विचारू नये असं त्याला गेले तीन महिने वाटत होतं. कारण समोरच्याच घरात डेस्मंड हॅलम राहत होता.

डेस्मंड सुतारकाम आणि बांधकाम करायचा. त्याची स्वतःची कार्यशाळा होती, आणि हाताखाली रॉय नावाचा मध्यमवयीन, अबोल मदतनीस. लेस्ली आणि डेस्मंड चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवणाऱ्या मंडळात होते. दर गुरुवारी सहा जण गोलात उभे राहून सहा दोर ओढायचे, आणि घसा कोरडा पडला की समोरच्या 'प्लाऊ' पबमध्ये जाऊन बसायचे. डेस्मंडची एक गंमत तिथे सगळ्यांना पाठ होती. ग्लासातली बिअर तो कधी संपवत नसे. तळाशी दोन बोटं ठेवायचा, ग्लास पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "हा सरकारचा घोट."

"माझ्या बिलातला सहावा हिस्सा व्हॅटचा," तो सांगायचा. "गिऱ्हाईक देतं, सरकार घेतं, मधला मी हमाल. सवय राहावी म्हणून बिअरमध्येही ठेवतो."

पबची मालकीण ब्रेंडा ग्लास उचलताना न चुकता म्हणायची, "सरकार येणार कधी प्यायला? आणखी किती दिवस धुऊ?"

लेस्लीचा विषय वेगळा, पण त्याच गावचा. दुसऱ्या ग्लासानंतर तो मोठ्या कंपन्यांवर घसरायचा. माल विकायचा इथे, हिशेब ठेवायचा कुठल्यातरी बेटावर, आणि कर भरायचा कुठेच नाही. लेस्ली काउन्टी कौन्सिलच्या रस्तेखात्यात तक्रारींच्या फोनवर बसत असे. दिवसभर लोक त्याला खड्डे सांगायचे आणि तो त्यांना 'सध्या निधी नाही' सांगायचा. तेव्हा त्याच्या भाषणात कळकळ होती हे खरं. "निधी कुठे जातो विचारा!" असं म्हणून तो टेबलावर हात आपटायचा, आणि डेस्मंड आपला ग्लास अलगद बाजूला घ्यायचा. सरकारचा घोट सांडू नये म्हणून.

खोलीसाठी लेस्लीने दोघांचे दर मागवले होते. एक डेस्मंडचा आणि दुसरा नेव्ह टॉपलिसचा. कामाची मजुरी, विटा, लाकूड, सगळं धरून दोघांचे आकडे जवळजवळ सारखे होते. फक्त डेस्मंडच्या आकड्याखाली व्हॅट होता आणि नेव्हच्या आकड्याखाली 'शुभेच्छा' होत्या.

वर्षाचा धंदा ठरावीक मर्यादेच्या आत असला तर छोट्या कारागिराला व्हॅट लावावा लागत नाही. नेव्हचा धंदा मर्यादेला टेकला, तेव्हा त्याने धंदा कमी केला नाही, वाटून टाकला. भिंती त्याच्या स्वतःच्या, छपरं बायकोच्या म्हणजे ट्रेसीच्या, आणि दारं-खिडक्या सासूबाईंच्या. व्हॅन एकच होती. तिच्या दारावर लोहचुंबकाने चिकटणाऱ्या तीन पाट्या होत्या, आणि ज्या दिवशी जे काम असेल त्या दिवशी ती पाटी. लेस्लीच्या घरी छपराला सुरुवात झाली, त्या सकाळी नेव्हने पाटी बदलली आणि "आजपासून मी बायकोचा नोकर" म्हणत शिडीवर चढला. लेस्लीला ते फार मजेशीर वाटलं होतं.

डेस्मंडला नाही म्हणायला मात्र लेस्लीने मनोऱ्याच्या पायऱ्या उतरतानाचा अंधार गाठला होता.

"दर जरा बसला नाही रे," तो म्हणाला होता.

"माझा बसला असता, लेस्ली," डेस्मंड म्हणाला. "सरकारचा बसला नाही."

एवढंच. पुढे भांडण नाही की अबोला नाही. डेस्मंड गुरुवारी घंटा वाजवायला येतच राहिला. फक्त सप्टेंबरपासून तो पबकडे न वळता सरळ घरी जाऊ लागला. लेस्लीने मनाशी ठरवून टाकलं होतं, की त्याचे गुडघे दुखत असणार.

तर भांडं पलंगावर ठेवून लेस्लीने नेव्हला फोन लावला.

"बोल राजा," नेव्ह म्हणाला. मागे कपाटं उघडल्याचे आवाज येत होते. "पटकन बोल. रविवारचं विमान आहे, टेनेरीफ बेटावर जायला. ट्रेसीला पोहण्याचा पोशाख सापडत नाहीये."

"खोली गळतेय."

"कुठून? भिंतीतून?"

"नाही."

"छपरातून?"

"छपरातून नाही, खिडकीतून नाही. छप्पर भिंतीला टेकतं ना, खिडकीच्या वर, तिथून."

पलीकडे कपाटांचे आवाज थांबले. नेव्ह मनातल्या मनात तीन बिलं वाचत असावा.

"शिशाची पट्टी," तो शेवटी म्हणाला. "छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यावर बसते ती."

"मग? ती का नाही बसवली?"

"कुणाच्या बिलात धरायची? भिंतीत धरली असती तर मी मर्यादेच्या वर गेलो असतो. छपरात धरली तर ट्रेसी. ती इकडची तिकडे करता करता... राहिलीच, राजा."

"मग आता येऊन बसव!"

"इथेच तर गोम आहे. भिंत चोख आहे? आहे. छप्पर चोख? चोख. मग चूक कुणाचीच नाही. चूक नाही म्हणजे हे नवीन काम झालं. नवीन काम म्हणजे बिल, आणि बिल म्हणजे मर्यादा. माझी बारा महिन्यांची बेरीज काठोकाठ भरलीय. ट्रेसीचीही. गेल्या एप्रिलातलं मोठं काम बेरजेतून बाहेर पडेपर्यंत मला खिळाही ठोकता येत नाही. म्हणून तर टेनेरीफ. हौस नाही रे, हिशेबनिसाचा सल्ला आहे."

फोन हेझलने घेतला.

"तुझी सासू?" तिने विचारलं.

"त्यांचं काय?"

"त्यांची मर्यादा भरलीय?"

"नाही, त्यांची आहे शिल्लक थोडी, पण—"

"मग त्यांना उद्या चहाला घेऊन ये. खिडकीचं बिल त्यांच्या नावाचं आहे. मालकिणीशीच बोलते मी."

शनिवारी दुपारी व्हॅन आली. तिच्यावर दारं-खिडक्यांची पाटी होती. आतून नेव्हच्या सासूबाई, मिसेस बून, उतरल्या. अंगात चांगला कोट, हातात पर्स आणि डोक्यावर वाकडी झालेली टोपी. नेव्हच्या चेहऱ्यावर दात काढायला आणलेल्या माणसाचा भाव होता.

"तुमच्या गल्लीत खड्डा आहे," त्या आत येत म्हणाल्या. "केवढा आहे! माझी टोपी छताला लागली."

"सध्या निधी नाही," लेस्लीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर लेस्लीला तोंडपाठ होतं. दर गुरुवारी तो ते हात आपटून देत असे. त्याने नेव्हकडे पाहिलं, नेव्हने छताकडे पाहिलं, आणि हेझल म्हणाली, "साखर किती घालू?"

चहाचा कप घेऊन मिसेस बून खोलीभर फिरल्या. खिडकीपाशी थांबल्या, चौकटीवरून बोट फिरवलं.

"तर ही माझी खिडकी."

"तुमचीच," हेझल म्हणाली.

"छान आहे गं. नेव्ह, मला कधी दाखवली नाहीस ती."

"आई, तुमची म्हणजे नुसती कागदावर—"

"सही माझी आहे ना? दर ख्रिसमसला मला सुगंधी साबणांचा डबा देतोस तो या सहीचाच ना? मग माझीच खिडकी." त्यांनी वर पाहिलं. भांड्यात टप्पकन आवाज झाला. "आणि हे पाणी कुणाचं?"

"ते तुमच्या हद्दीबाहेरचं, आई. खिडकीच्या वरून येतंय."

"म्हणजे ट्रेसीच्या हद्दीतलं?"

"नाही. छपराच्या खालून येतंय."

"मग तुझ्या?"

नेव्हने चहाचा मोठा घोट घेतला आणि तो घशात पोचायला बराच वेळ लावला.

"तुझे सासरे एकटे घरं बांधायचे," मिसेस बून म्हणाल्या. "मालकही तेच, हमालही तेच. पण पाऊस बाहेर राहायचा. इथे तीन मालक आहेत आणि पाऊस घरात."

तीन तिघाडा नि काम बिघाडा, हे म्हातारीने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की लेस्लीला अवसान चढलं. त्याच्यातला गुरुवारचा वक्ता जागा झाला.

"मी हेच म्हणतो, मिसेस बून! हा करचुकवेगिरीचा परिणाम आहे. माणसं पळवाटा काढतात, आणि सरळ मार्गाने चालणाऱ्या कारागिराचं—"

"थांब राजा," नेव्ह म्हणाला. त्याने कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, पण त्यातली मस्करी गेली होती. "कायदा मोडला असेन तर सांग. हिशेबनिसाला विचारून केलंय सगळं. ते जाऊ दे. डेस्मंडची मजुरी नि माझी मजुरी सारखीच होती, बरोबर? व्हॅट मी लावला नाही, म्हणजे तो मी घेतला नाही. सरकारलाही मिळाला नाही. मग तो गेला कुठे?"

हेझलने साखरेचं भांडं खाली ठेवलं.

"तुझ्या खिशात राहिला तो. माझ्या नाही. मला त्यातून फक्त काम मिळालं." त्याने खाली बघितलं. "गालिचा नवा दिसतो. छान आहे."

लेस्लीनेही गालिच्याकडे पाहिलं. खोली ठरल्यापेक्षा स्वस्तात झाली, म्हणून उरलेल्या पैशांत घेतला होता तो. जाड, निळा, विल्फच्या पायांना थंडी वाजू नये म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी गत झालेल्या माणसाला निदान कोरडं तरी राहता यावं. लेस्लीच्या डोक्यावर त्याच क्षणी एक थेंब पडला.

मिसेस बूननी चहा संपवला. "या गावात शिशाचं काम चांगलं कोण करतं?"

"मी बघतो ना, आई, परत आलो की—"

"तुला विचारलं नाही. मी मालकीण आहे, मी या पोरीला विचारतेय."

हेझलने नवऱ्याकडे न बघता उत्तर दिलं. "डेस्मंड हॅलम. समोरच राहतो."

"मग त्याला बोलवा. पैसे माझी कंपनी देईल. कंपनीचं पासबुक नेव्हकडे आहे, ते तो मला आज संध्याकाळी आणून देईल."

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट केली. व्हॅनच्या दारावरची पाटी दोन्ही हातांनी ओढून काढली आणि काखेत मारली. नेव्ह म्हणाला, "आई, ती लागते मला." त्या म्हणाल्या, "माझी आहे." व्हॅन बिनपाटीची परत गेली, आणि गल्लीच्या टोकाला खड्ड्यात आपटल्याचा आवाज घरापर्यंत आला.

लेस्ली गल्ली ओलांडून गेला. चार ढांगांचा रस्ता, पण त्याला तो सप्टेंबरपासून कधी ओलांडावासा वाटला नव्हता. कार्यशाळेचं दार लोटलेलं होतं. आत करवतीचा आवाज नव्हता, भुसा नव्हता. यंत्रांवर आच्छादनं घातलेली होती. डेस्मंड शेगडीजवळ बसून पक्ष्यांसाठी लाकडी घर रंगवत होता. कोपऱ्यात तशी आणखी सहा-सात घरं रचलेली दिसत होती. हॅकरलोत तेवढे पक्षी नव्हते.

"रॉय कुठाय?" लेस्लीने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"मॅन्सफिल्डला. गोदामात खोकी उचलतो."

"का बरं?"

डेस्मंडने कुंचला पुसला. "उन्हाळ्यात तीन कामं गेली, लेस्ली. तुझं एक, आणखी दोन. तिघांनीही सांगितलं, दर बसला नाही. मग मी बसून विचार केला. व्हॅट काढायचा तर धंदा मर्यादेच्या आत आणायला हवा. धंदा आत आणायचा तर दोन माणसांचं काम करून चालत नाही. रॉयला सांगताना मला रडू आलं. त्याला नाही आलं. तो म्हणाला, 'खिळ्यांचे डबे नावं लावून ठेवलेत, सापडतील तुला.'"

बाहेर पन्हळीतून पाणी वाहत होतं.

"म्हणजे आता तू..."

"आता मी नेव्हइतकाच स्वस्त आहे. फक्त मिळत नाही. माझी बेरीज डिसेंबर लागताच भरली. वसंतापर्यंत कार्यशाळा बंद." त्याने पक्ष्याच्या घराचं छप्पर निरखलं. "तब्येतीला बरं आहे म्हणतात."

लेस्लीने गळतीचं सगळं सांगितलं. पट्टी, तीन बिलं, मिसेस बून, पासबुक. डेस्मंड मधे एकदा हसला, तो पाटीच्या वेळी.

"मी पैसे देतो, डेस्मंड. म्हातारीचे नकोत, माझे. तुझा पहिला दर होता ना, त्याच दराने. व्हॅटसकट."

"व्हॅट मी कुठून घेऊ? व्हॅटच्या यादीतून नाव काढून टाकलं मी. नाव नसताना लावला तर दंड मला."

"मग व्हॅटशिवाय घे."

"मग मर्यादा ओलांडते."

अख्खं गाव हिंडलं तरी आता लेस्लीकडून व्हॅट घेणारा कारागीर मिळणार नव्हता. जो होता तो त्याच्यासमोर बसून पक्ष्यांची घरं रंगवत होता, आणि त्याला तिथे बसवण्यात आपला हात आहे हे लेस्लीला नीट दिसलं. त्याला फार लाज वाटली. लाज वाटली की तो जास्त बोलतो, पण या वेळी तो नुसती पक्ष्यांची घरं मोजत राहिला.

"विल्फ कधी येतोय?" डेस्मंडने विचारलं.

"परवा."

"घंटेचा दोर धरायला मला विल्फने शिकवलं. पहिल्या दिवशी दोराने मला वर उचललं होतं, त्याने पाय धरून खाली ओढलं." डेस्मंड उठला आणि फळीवरून शिशाची गुंडाळी काढली. "उद्या सकाळची घंटा झाली की येतो. रॉय नाही, तेव्हा शिडी तू धरायची."

"आणि पैसे?"

"फुकट. फुकट कामाला मर्यादा नाही."

रविवारी पाऊस बारीक होता, पण हट्टी होता. डेस्मंड वर, लेस्ली खाली. डेस्मंडने हातोडी मागितली तेव्हा लेस्लीने छिन्नी दिली, छिन्नी मागितली तेव्हा शिडी सोडली. डेस्मंड चिडला नाही. एकदा फक्त भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "रॉयला काही मागावं लागायचं नाही." दुपारपर्यंत पट्टी बसली. नेव्हच्या भिंतीवर आणि ट्रेसीच्या छपरावर ती इतकी चपखल बसली, की कुणाची हद्द कुठे संपते ते कळेना.

"निदान व्हॅट तरी घे रे," लेस्ली शिडी खांद्यावर घेत म्हणाला. त्याला हसवायचं होतं, पण आवाज भलताच निघाला.

"शून्याचा सहावा हिस्सा काढ," डेस्मंड म्हणाला. "आणि आणून दे."

सोमवारी विल्फ आले. निळ्या गालिच्यावर पाय ठेवून म्हणाले, "चांगला आहे. महाग असेल." लेस्ली तिथून उठून गेला.

जानेवारीतल्या एका गुरुवारी घंटा वाजवून झाल्यावर लेस्ली डेस्मंडला जवळजवळ ओढतच 'प्लाऊ'मध्ये घेऊन गेला. नेव्ह आधीच बसला होता, चांगला भाजून निघालेला, पण तोंड उतरलेलं. सासूबाई पाटी परत देत नव्हत्या. त्यांनी ती फ्रिजच्या दारावर लावली होती, आणि हिशेबनिसाला बोलावून सांगितलं होतं की यापुढे न बघता सही करणार नाही. दारं-खिडक्या नेव्हकडे परत आल्या, की त्याची बेरीज मर्यादेच्या वर जाणार होती. उन्हाळ्यापासून त्याला व्हॅट लावावा लागणार होता.

"आणि हा?" तो डेस्मंडकडे बोट दाखवून म्हणाला. "हा लावणार नाही! म्हणजे काम तेच, मजुरी तीच, आणि माझा दर वर. गिऱ्हाईक कुणाकडे जाईल? याला काय न्याय म्हणायचं? सांग ना लेस्ली, तू तर यातला जाणकार."

ब्रेंडाने काउन्टरमागून मान वर केली. "हो, बोल की रे लेस्ली. बरेच गुरुवार झाले तुझं भाषण ऐकलं नाही. त्या बेटावरच्या कंपन्यांचं काय झालं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. लेस्ली उठला. "कुणाला काय हवंय?" त्याने विचारलं, आणि सगळ्यांसाठी आणायला गेला. तेवढंच त्याचं भाषण झालं.

डेस्मंडने ग्लास उचलला. घंटांविषयी बोलणं झालं, विल्फच्या खुब्याविषयी झालं, रॉयला रात्रपाळी लागल्याचं झालं. ग्लास तळाशी आला तसं ब्रेंडाचं लक्ष आपोआप तिकडे गेलं. दोन बोटं उरली. डेस्मंड क्षणभर थांबला. मग त्याने मान मागे टाकून तेवढी बिअर पिऊन टाकली आणि रिकामा ग्लास टेबलावर ठेवला.

"अरे," ब्रेंडा म्हणाली. "सरकारचा घोट?"

"आता सगळा माझाच असतो," डेस्मंड म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याने टोपी घातली, सगळ्यांना शुभरात्री म्हणाला आणि गेला. नेव्हही उठला. लेस्ली बराच वेळ आपल्या ग्लासाकडे बघत बसला होता. मग तोही कोट घालून निघाला.

ब्रेंडा टेबल आवरायला आली. डेस्मंडचा ग्लास कोरडा, नेव्हचा कोरडा. तिसऱ्यात तळाशी दोन बोटं बिअर होती.

"ही कुणाची राहिली?" तिने दाराकडे बघत विचारलं.

लेस्लीने ऐकलं होतं. पण तो थांबला नाही. बाहेर पाऊस होता, आणि खड्डा चुकवत त्याला घरी जायचं होतं.